सोळा पासपोर्ट

कमरेच्या पिशवीत सोळा त्यांचे, सतरावा माझा.
झोपतानाही सोडत नव्हतो.
कूस बदलली की निळी चवड बरगडीला टोचायची
आणि मी अंधारातच पुन्हा मोजायचो
दोन मजली पलंगांबाहेर आलेले
बत्तीस पाय.

ग्रिम्सबीला समुद्र आहे म्हणतात.
आम्हाला भेटला तो नुसता वारा,
मासळीचा, व्हिनेगरचा,
आमचाच कॉर्नर उचलून
आमच्याच अंगावर आणून टाकणारा.

पहिल्या सामन्यात सहा खाल्ले.
दुसऱ्यात चार.
दर गोलानंतर त्यांचा कोच टाळ्या वाजवत
आमच्या रिहानला ओरडून म्हणायचा,
‘अनलकी, कीपर, अनलकी!’
रिहान मुल्लाणीला वाटलं, शिवी असेल.
अर्थ कळल्यावर सगळ्यांनीच शब्द उचलला.
नळाला गार पाणी? अनलकी.
बसमध्ये मोजा राहिला? अनलकी.
समर्जितच्या आईचा फोन आला
तो नेमका पेनल्टीच्या वेळी,
तर बाकावरून कोणीतरी तो घेऊन
तिलाच सांगितलं, अनलकी, काकी.

एक गोष्ट मात्र घरी कुणाला नीट सांगता आली नाही.
गवताची.
आमचं मैदान म्हणजे मुरूम.
तिथं स्लाइड मारायची तर आधी हिशेब करावा लागतो,
उद्या बाकावर बसता येईल का,
आई आयोडीन लावताना काय काय बोलेल.
म्हणून आमची पोरं उभ्यानं खेळतात.
लोक त्याला शैली म्हणतात.

इथं दुसऱ्या दिवशी अथांग कांबळे घसरून पडला.
उठला, गुडघा पाहिला.
काही नाही. हिरवा डाग फक्त.
मग तो मुद्दाम पडला.
मग सगळेच.
त्यांचा प्रशिक्षक शिट्टी तोंडात धरून उभा,
फुंकायचं विसरून.
मी ओरडायला हवं होतं.
मी पँटवरून माझेच गुडघे चाचपत होतो,
चाळीस वर्षांचे जुने व्रण,
रुपयाएवढे.

शेवटच्या रात्री जेवणानंतर मोजले तर पंधरा.
पुन्हा मोजले. पंधरा.
पिशवी उघडली. तिथं सोळा होते.
साडेनऊ वाजले होते आणि उजेड
जायचं नाव घेत नव्हता.
पळत मैदानावर गेलो.

रिहान तिथं होता,
टेरी माळ्याच्या मागे मागे
पांढऱ्या रंगाची गाडी ढकलत.
टेरी बोटानं ताणलेली दोरी दाखवायचा,
रिहान मान हलवायचा.
ज्या रेघेवरून दहा गोल आत गेले
तीच रेघ तो पुन्हा आखत होता,
जीभ दातांत धरून,
चित्रकलेच्या तासाला धरतात तशी.

‘सर, ही पुसते,’ तो म्हणाला.
‘पावसानं, बुटांनी. हा रोज आखतो.
मला वाटायचं, असतेच.’

रागवायचं ठरवून आलो होतो.
टेरीनं माझ्याकडे पाहिलं, पोटावर आवळलेल्या पिशवीकडे पाहिलं,
आणि दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

विमानतळावर ज्याचा त्याला पासपोर्ट वाटला.
प्रत्येकानं आधी आपला फोटो पाहिला
आणि शेजारच्याचा पाहून हसला.
पिशवी सपाट झाली.
हात अजून जातो तिथं.

कोल्हापुरात रिक्षावाल्यानं विचारलं, ‘काय मास्तर, कप?’
‘अनलकी,’ म्हटलं.
त्याला वाटलं, गावाचं नाव.
‘लांब आहे का हो?’

रविवारी सकाळी मैदानावर गेलो
तर दोन खांबांच्या मध्ये, मुरुमावर,
रांगोळीची रेघ.
रिहानच्या घरात कुठली रांगोळी?
शेजारणीकडून मागून आणली असणार.
जरा वाकडीच होती,
आणि कुणाच्या तरी म्हशीनं
डावीकडची अर्धी खुरांवर नेली होती.

तो पुडी घेऊन पुन्हा वाकला होता.